एल गेरूज घड्याळाला हरवायचा, मग ऑलिंपिकमध्ये का हरायचा?

पळता_भुई (धागाकर्ता)

१५०० मीटरचा विश्वविक्रम ३:२६.००. रोम, १४ जुलै १९९८. त्यानंतर स्पाइक्स बदलले, ट्रॅकच्या कडेला वेग दाखवणारे दिवे आले, सरावाचं शास्त्र कुठल्या कुठं गेलं, तरी हा आकडा जागचा हललेला नाही. मैलाचा ३:४३.१३ पण त्याचाच, त्याच मैदानावर, बरोब्बर पुढच्या वर्षीच्या जुलैत. मोरोक्कोच्या हिशाम एल गेरूजबद्दल कुठंही वाचायला गेलं की सुरुवात याच दोन आकड्यांनी होते.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. त्याची सगळ्यात मोठी शर्यत ३:३४.१८ ची. म्हणजे स्वतःच्या विक्रमाहून आठ सेकंदांनी मंद!

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म १९७४, बर्कान, मोरोक्कोच्या पूर्व टोकाला, अल्जीरियाच्या सीमेजवळ. लहानपणी फुटबॉलचं वेड, त्यातही गोलकीपर. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सईद औईतानं ५००० मीटरचं सुवर्ण जिंकलं आणि मोरोक्कोतली पोरं पळायला लागली. त्यातलाच हा एक. पुढं अब्देलकादर कादा हे प्रशिक्षक मिळाले आणि १९९५ साली, विशीतच, गोथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेत त्यानं रौप्य मिळवलं. पहिला होता अल्जीरियाचा नूरेद्दीन मोर्सेली. तेव्हा १५०० म्हणजे मोर्सेली असंच समीकरण होतं, १९९२ पासून १५०० किंवा मैलात त्याला कुणी हरवलंच नव्हतं.

मग १९९६, अटलांटा. शेवटच्या लॅपची घंटा व्हायच्या सुमारास एल गेरूज मोर्सेलीच्या अगदी मागं लागलेला, वर सरकायच्या तयारीत, आणि त्याचा पाय मोर्सेलीच्या टाचेत अडकला. आडवा. स्पेनचा फर्मिन काचो त्याच्यावरून उडी मारून गेला. मोर्सेली सुवर्ण, काचो रौप्य, एल गेरूज बारावा, म्हणजे शेवटचा. महिन्याभरानं मिलानला त्यानं मोर्सेलीला हरवलं आणि इथून पुढची चार वर्षं या अंतरावर त्याचं राज्य होतं. १९९७ मध्ये हिवाळ्यात दहा-बारा दिवसांत इनडोअर १५०० आणि इनडोअर मैल, दोन्ही विश्वविक्रम. उन्हाळ्यात अथेन्सला जागतिक विजेतेपद. ९८ ला रोम. ९९ ला मैल, सेव्हियाचं सुवर्ण आणि वर २००० मीटरचा विक्रम (४:४४.७९).

आणि मग सिडनी, २९ सप्टेंबर २०००. सगळं जग म्हणत होतं की फक्त पडू नकोस म्हणजे झालं. पडला नाही. शेवटच्या सरळ रेषेवर पुढं होता, आणि केनियाच्या नोआ न्गेनीनं अगदी शेवटच्या काही मीटरांत त्याला गाठलं. ३:३२.०७ आणि ३:३२.३२. पाव सेकंद.

माझा मुद्दा असा की हा माणूस घड्याळाशी स्पर्धा करायला घडलेला होता. पुढं रॅबिट, मागं तो, ठरलेल्या गतीनं लॅप मोजत जायचं, की बाकीचे गळून पडायचे. ऑलिंपिक फायनलमध्ये रॅबिट नसतो. तिथं माणसांशी पळावं लागतं, आणि ते त्याला जमेपर्यंत २००४ चं अथेन्स ऑलिंपिक उजाडलं. म्हणून अथेन्सचे ३:३४.१८ मोठे. बोला.

नवखी

छान लिहिलंय. पण हे रॅबिट म्हणजे नक्की काय? पैसे देऊन दुसऱ्याला पुढं पळवायचं? हे चालतं?

घंटा_वाजली

@नवखी, चालतं. व्यावसायिक मीटमध्ये आयोजकच पेसमेकर ठरवतात, त्याला मानधन असतं. आधी गती सांगितलेली असते, म्हणजे पहिला लॅप इतक्यात, ८०० इतक्यात. तो सुरुवात इतरांबरोबरच करतो, ठरलेल्या अंतरापर्यंत नेतो आणि बाहेर पडतो. (वाटलं तर शर्यत पूर्ण करू शकतो, जिंकूही शकतो. क्वचित तसं झालंही आहे.)

फायदे दोन. एक म्हणजे हवा. ताशी २६ किलोमीटरच्या वेगानं पळताना समोरची हवा कापायला शक्ती जाते, आणि कुणाच्या पाठीशी पळालात की त्यातली बरीचशी वाचते. दुसरा फायदा डोक्याचा. गती ठरवणं, मागं कोण आहे याचा अंदाज घेणं, कधी वाढवायचं ते ठरवणं, हे सगळं दुसऱ्यावर सोपवून तुम्ही नुसतं पळत राहता. ज्यांनी १५०० पळलंय त्यांना विचारा, तिसऱ्या लॅपला डोकं कसं चालतं ते.

आणि एक गंमत. १९९८ च्या रोममधल्या त्या विक्रमाला जे दोन पेसमेकर होते त्यातला एक रॉबर्ट किबेट. दुसरा कोण? नोआ न्गेनी. तोच सिडनीवाला.

नवखी

काय सांगता! म्हणजे ज्यानं विक्रम करून दिला त्यानंच सुवर्ण नेलं?

घंटा_वाजली

हो. आणि मधल्या वर्षी रोमच्या मैलात न्गेनी दुसरा आला, ३:४३.४०. पाठीमागं बसून बसून त्यानं एल गेरूजचा पूर्ण अभ्यास केला होता.

आकडेमोड

धागाकर्त्याशी अर्धा सहमत, अर्धा नाही.

‘माणसांशी पळता येत नव्हतं’ हे पटत नाही. १९९७, १९९९, २००१, २००३, सलग चार जागतिक विजेतेपदं. तिथं कुठं अधिकृत रॅबिट होते? जागतिक फायनल आणि ऑलिंपिक फायनल यांत फरक फक्त नावाचा, धावणारे तेच. सेव्हियाला १९९९ मध्ये तो ३:२७.६५ पळाला आणि न्गेनीला सेकंदाहून जास्त अंतरानं मागं टाकलं. हा आजही जागतिक स्पर्धेचा विक्रम आहे. (योगायोग बघा, २०२४ च्या पॅरिसमध्ये कोल हॉकरनं ऑलिंपिक विक्रम केला तो पण ३:२७.६५. शतांशापर्यंत तोच आकडा.)

पळता_भुई

सेव्हियाला अधिकृत रॅबिट नव्हता हे बरोबर, पण मोरोक्कोचा आदिल काऊश फायनलमध्ये होता आणि सुरुवातीला त्यानंच गती लावली. सिडनीत ते काम युसेफ बाबानं केलं. म्हणजे रॅबिट होताच, फक्त त्याच्या अंगावर देशाची जर्सी होती.

आकडेमोड

मग तुमचा सिद्धांत तिथंच कोसळतो ना! सिडनीत रॅबिट असूनही हरला. म्हणजे कारण दुसरं काहीतरी आहे.

माझ्या मते ते कारण त्याच्या ८०० मीटरच्या वेळेत आहे. एल गेरूजचा ८०० मधला सर्वोत्तम आकडा १:४७.१८. तो हे अंतर फारसं पळायचाच नाही, त्यामुळं खरी कुवत याहून बरी असणार, ते मान्य. तरी १५०० च्या विश्वविक्रमवीराच्या मानानं हे काहीच नाही. सेबॅस्टियन को ८०० पळायचा १:४१.७३. न्गेनी १:४४ वाला, आणि १००० मीटरचा विश्वविक्रम (२:११.९६, रिएती, १९९९) आजही न्गेनीच्याच नावावर आहे.

आता दुसरी बाजू बघा. एल गेरूजचे ३००० मीटर ७:२३.०९. ५००० पहिल्यांदा गंभीरपणे पळाला तेव्हा १२:५०.२४. म्हणजे १५०० कडं दोन दिशांनी येणारे लोक असतात. काही ८०० वरून वर चढतात, त्यांच्याकडं शेवटच्या शंभरातला वेग असतो. काही ५००० च्या बाजूनं खाली येतात, त्यांच्याकडं दम असतो. एल गेरूज दुसऱ्या जातीचा. अशा माणसाला शेवटच्या शंभरापर्यंत वेगवान माणूस सोबत नेणं परवडत नाही. त्याला आधीच, ६००-७०० मीटर राहिलेले असताना, गती वाढवून समोरच्याच्या पायातला वेग काढून घ्यावा लागतो. रॅबिट ही त्याची कुबडी नव्हती, त्याच्या शरीराला योग्य शर्यत त्यातून मिळायची.

३:२६ चा हिशेब केला तर दर लॅप ५५ सेकंदांच्या किंचित आत येतो, पावणेचार लॅप. त्यातला एकही लॅप धक्कादायक नाही. धक्कादायक हे की तो थांबत नाही.

जुना_ट्रॅक

आकडेमोड, १:४७.१८ वाचून हसू आलं. आपल्या श्रीराम सिंगचा १९७६ चा आकडा १:४५.७७. म्हणजे नुसत्या ८०० वर श्रीराम सिंग एल गेरूजच्या पुढं!

थोडं अवांतर होतंय, पण रॅबिटचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माँट्रियल ऑलिंपिकच्या ८०० च्या फायनलमध्ये श्रीराम सिंग होता. आपला राजपुताना रायफल्सचा जवान, प्रशिक्षक इलियास बाबर. पहिला लॅप तोच पुढं, ५१ सेकंदांच्या आत. दुसऱ्या लॅपला क्युबाचा आल्बेर्तो हुआंतोरेना सुटला आणि १:४३.५० चा विश्वविक्रम करून गेला. श्रीराम सातवा. ती वेगवान सुरुवात नसती तर तो विक्रम झाला असता का, हा प्रश्न आहेच. कुणी मानधन दिलं नव्हतं, आपल्या हिमतीवर पळाला. त्याचा राष्ट्रीय विक्रम मोडायला ४२ वर्षं गेली, २०१८ मध्ये जिन्सन जॉन्सननं १:४५.६५ केलं तेव्हा.

घंटा_वाजली

हे अवांतर नाही, हाच मुद्दा आहे. पुढं पळणारा दुसऱ्याचं काम सोपं करतो. पॅरिस २०२४ आठवा. याकोब इंगेब्रिगत्सेन पहिल्यापासून पुढं, गती भन्नाट, आणि शेवटच्या शंभरात हॉकर, केर, नुगूस तिघंही त्याला ओलांडून गेले. गतविजेता चौथा आला! ३:२८.२४ पळून पदक नाही. सिडनीचीच गोष्ट, फक्त ओलांडणारे एकाऐवजी तीन.

शंकासुर

सगळं छान चाललंय, पण मोठा हत्ती खोलीत तसाच आहे म्हणून विचारतो. नव्वदीतले लांब पल्ल्याचे विक्रम म्हटलं की ईपीओचा (रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं, बंदी असलेलं औषध) काळ आठवतो. १९९५ ते २००० मध्ये पुरुषांचे १५०० ते १०,००० चे विक्रम ज्या वेगानं खाली आले त्यावर किती विश्वास ठेवायचा?

आकडेमोड

काळाबद्दल शंका रास्त आहे. ईपीओची चाचणीच मुळी सिडनीपासून सुरू झाली. पण माणसाबद्दल बोलायचं तर एल गेरूज कधीही दोषी आढळलेला नाही, आणि चाचणी आल्यानंतरच्या चार वर्षांत त्याची घसरण झाली नाही. ब्रसेल्स २००१, ३:२६.१२. विक्रमाच्या १२ शतांश जवळ. त्याच शर्यतीत बर्नार्ड लागाट ३:२६.३४. बाकी काळाचं ओझं एकट्या माणसाच्या डोक्यावर ठेवणं मला जमत नाही.

शंकासुर

ठीक. ब्रसेल्सचा मुद्दा मान्य. तरी विक्रमाला इतकी वर्षं झाली की मला खाजवतंच.

चौथी_लेन

विक्रम टिकण्याचं एक साधं कारणही आहे. एल गेरूजच्या काळात मोठ्या मीटमध्ये शर्यत एकाच माणसासाठी आखली जायची. त्याला हवी ती गती, हवे ते पेसमेकर. आता पहिले आठ जण ३:३० च्या आत असतात आणि प्रत्येकाला जिंकायचं असतं. सरासरी सुधारली, टोक तिथंच राहिलं. अर्थात लोक फार लांबही नाहीत. इंगेब्रिगत्सेन ३:२६.७३, मैलात ३:४३.७३. एखाद्या संध्याकाळी वारा पडलेला असला की जाईल.

वाचनमात्र

एरवी फक्त वाचतो, पण आज राहवलं नाही. धागाकर्ते, अथेन्सच्या त्या शर्यतीबद्दल लिहिलंच नाहीत की. मूळ दावा तोच होता ना!

पळता_भुई

लिहितो. आकडेमोड यांच्या ८०० वाल्या मुद्द्यानं माझा दावा उलट घट्टच होतोय, कसा ते सांगतो.

२००४ चा उन्हाळा त्याला वाईट गेला. श्वसनाचा त्रास होता. रोममध्ये, त्याच्या विक्रमांच्या मैदानावर, तो आठवा आला. ऑगस्टच्या सुरुवातीला झुरिकमध्ये लागाटनं त्याला हरवलं, ३:२७.४० आणि ३:२७.६४. वय तिशीला आलेलं. दोन ऑलिंपिक, एकात पडला, एकात हरला. न्गेनी एव्हाना चित्रात नव्हता. सिडनीनंतर दोनच महिन्यांत त्याला कारचा अपघात झाला आणि तो पुन्हा पूर्वीसारखा कधी पळालाच नाही. (त्याच्यावर खरं तर स्वतंत्र धागा हवा.)

२४ ऑगस्टची फायनल. सुरुवातीला कुणीच पुढं व्हायला तयार नाही. पहिला लॅप साठ सेकंदांच्या घरात, ८०० दोन मिनिटांच्या वर. जागतिक दर्जाच्या पुरुषांसाठी हे म्हणजे गप्पा मारत पळणं. अशी मंद शर्यत कुणाच्या सोयीची? शेवटचा वेग असणाऱ्याची. म्हणजे लागाटची. एल गेरूजच्या शरीराला नेमकी न मानवणारी.

आणि इथं तो थांबला नाही. जवळपास दोन लॅप उरले असताना त्यानं पुढं होऊन गती वाढवायला घेतली, आणि वाढवतच नेली. पुढचा प्रत्येक टप्पा आधीच्याहून वेगवान. लॅपला ५३ च्या आसपासची गती झाली तसे एकेक जण मागं पडत गेले. लागाट मात्र चिकटून राहिला. शेवटच्या सरळ रेषेवर लागाट बाजूला आला, पुढंही गेला. पुन्हा सिडनी. मी म्हणतो ती शर्यत इथं सुरू होते, कारण शेवटच्या पन्नास मीटरांत एल गेरूज परत पुढं आला. ३:३४.१८ आणि ३:३४.३०.

ज्याच्याकडं ८०० वाल्याचा वेग नाही त्यानं शेवटच्या पन्नासात ओलांडलं गेल्यावर परत ओलांडायचं! हे कसं शक्य झालं? कारण आधीच्या ६०० मीटरांत त्यानं लागाटचा वेग काढून घेतला होता. शिल्लक दोघांकडंही काही नव्हतं, आणि काही शिल्लक नसताना पळणं हा एल गेरूजचा प्रांत. सिडनीत गती बाबानं लावली होती. अथेन्समध्ये त्यानं स्वतः लावली, स्वतःला हवी तेव्हा.

आकडेमोड

हे पटलं. ‘माणसांशी पळता येत नव्हतं’ यापेक्षा ‘दुसऱ्यानं लावलेल्या गतीवर अवलंबून राहणं सोडलं’ असं म्हटलं असतं तर पहिल्याच प्रतिसादात सहमती दिली असती.

चौथी_लेन

पण मग चार दिवसांनी झालेल्या ५००० बद्दल कुणीच का बोलत नाही? माझ्या मते तीच मोठी. १५०० आणि ५००० एकाच ऑलिंपिकमध्ये जिंकणारा त्याच्या आधीचा माणूस पावो नुर्मी, १९२४, पॅरिस. ऐंशी वर्षं! (नुर्मीनं दोन्ही फायनल एकाच दिवशी, तासाभरात उरकल्या होत्या, ते वेगळंच प्रकरण.) आणि हरवलं कुणाला? केनेनिसा बेकेलेला, जो आठवडाभर आधी १०,००० जिंकून बसला होता. एलियुड किपचोगे तिसरा.

पळता_भुई

मोठी आहेच. पण ती शर्यत इथिओपियानं त्याला ताटात वाढून दिली असं माझं मत.

चौथी_लेन

म्हणजे?

पळता_भुई

विजयी वेळ १३:१४.३९. त्याच वर्षी मे महिन्यात बेकेलेनं हेंगेलोला ५००० चा विश्वविक्रम केला होता, १२:३७.३५. म्हणजे फायनल त्याच्या विक्रमाहून ३७ सेकंद मंद. १५०० चा ऑलिंपिक विजेता गटात आहे हे माहीत असताना इतकी मंद शर्यत होऊ द्यायची? बेकेलेनं शेवटच्या लॅपला वाढवलं, पण तोवर उशीर झाला होता. शेवटच्या सरळ रेषेवर एल गेरूज आरामात बाहेरून आला आणि दोन दशांशानं जिंकला.

आकडेमोड

आणि गंमत अशी की इथं भूमिका बरोबर उलटल्या. १५०० मध्ये एल गेरूज दमवाला आणि बाकीचे वेगवाले. ५००० मध्ये तोच वेगवाला! चार दिवसांपूर्वी लागाटला जी शर्यत हवी होती तीच ५००० मध्ये एल गेरूजला मिळाली, आणि बेकेलेनं ती बदलली नाही.

वर्षभर आधीची पॅरिसची जागतिक फायनल काढून बघा. तिथं ५००० वेगात झाली. किपचोगे १२:५२.७९, एल गेरूज १२:५२.८३, बेकेले तिसरा. किपचोगे तेव्हा अठरा वर्षांचा. मॅरेथॉनवाला म्हणून आज जो सगळ्यांना माहीत आहे तो शेवटच्या पन्नासात १५०० च्या विश्वविक्रमवीराला चार शतांशांनी मारतोय. का? गती वेगवान होती, एल गेरूजचे पाय आधीच रिकामे झाले होते. इथिओपियाकडं ही फीत वर्षभर होती.

घंटा_वाजली

बेकेलेची बाजू पण घ्यायला हवी. १०,००० ची फायनल आणि मग ५००० ची हीट पळून आलेला माणूस पुढं राहून साडेबारा लॅप हवा कापेल का? एल गेरूजनंही तिन्ही फेऱ्यांचे १५०० पळले होते म्हणा. पण गती लावायचं काम संघातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यायला हवं होतं, आणि गटात बेकेलेचे साथीदार होते.

नवखी

म्हणजे तिथं रॅबिट हवा होता बेकेलेला!

घंटा_वाजली

अगदी. आणि त्या दिवशी कुणी झाला नाही.

वाचनमात्र

अथेन्सनंतर काय झालं त्याचं?

आकडेमोड

त्यानंतर मोठ्या स्पर्धेत दिसलाच नाही. मे २००६ मध्ये निवृत्ती जाहीर केली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर २००४ ते २०१२ सदस्य होता. इनडोअरचे दोन्ही विक्रम २०१९ च्या हिवाळ्यात गेले, १५०० सॅम्युएल तेफेरानं नेला आणि मैल योमिफ केजेल्चानं. दोघंही इथिओपियाचे. २००० मीटरचा २०२३ मध्ये इंगेब्रिगत्सेननं. उरले ते रोमचे दोन.

@पळता_भुई, न्गेनीवरचा धागा कधी काढताय? त्याच्या १००० मीटरला पण आता पाव शतक होऊन गेलं.